जो जड, तो आधी थांबेल : पुण्याच्या रस्त्यांसाठी जाहीरनामा

पुण्याच्या रस्त्यांवर रोज सकाळी दोन माणसं एकमेकांवर ओरडत असतात. एक गाडीत असतो, एक सायकलवर. समोरच्यानं मुद्दाम केलं अशी दोघांचीही खात्री असते, आणि बहुतेक वेळा दोघांचीही खात्री चुकीची असते. हे भांडण आपोआप मिटेल म्हणून वाट पाहणं आम्ही आता सोडून दिलं आहे. आम्ही सायकलवाले आहोत, कारवाले आहोत, रिक्षावाले आहोत, पीएमपीच्या बसचे चालक आहोत. आमच्यातले बरेच जण सोमवारी एक असतात आणि रविवारी दुसरे. म्हणून आम्ही कुणा एका बाजूनं बोलत नाही. आम्ही रस्त्याच्या बाजूनं बोलतो.

हे शहर एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून देशभर ओळखलं जाई. कारकून, प्राध्यापक, कामगार, कॉलेजातल्या मुली, सगळे सायकलवर. मग शेजारच्या आकुर्डीत स्कूटर तयार होऊ लागल्या आणि घराघरासमोर उभ्या राहिल्या. त्यात कुणाचा गुन्हा आहे असं आम्हाला वाटत नाही. चढावर घाम गाळणाऱ्याला इंजिन हवंसं वाटणारच. गुन्हा पुढे झाला. इंजिनांसाठी रस्ता रुंद होत गेला आणि जे सायकलवर उरले त्यांना कुणी मोजेना. 2017 साली महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली चौकाचौकांत आल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. जे सायकल ट्रॅक आहेत त्यांवर कुठे मोटारी लावलेल्या, कुठे हातगाडी, कुठे विजेची डीपी. सायकलस्वार मुख्य रस्त्यावर हौसेनं आलेला नाही. त्याला तिथे ढकललेलं आहे.

आता एक प्रसंग जवळून पाहा. कर्वे रस्ता, नळस्टॉपच्या अलीकडे, सकाळी साडेनऊ. डाव्या कडेला पावसाळी गटाराची जाळी. तिच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेनं बसवलेल्या, सायकलचं चाक बरोबर अडकेल अशी फट. सायकलस्वार हातभर उजवीकडे येतो. मागच्या गाडीतून जाळी दिसत नाही, दिसतो तो अचानक आडवा आलेला माणूस. कचकचीत हॉर्न. मग कट. गाडीचा आरसा कोपरापासून वीतभर अंतरावरून जातो. पुढच्या सिग्नलला सायकल गाडीला गाठतेच, पुण्यात ती गाठतेच. काचेवर टकटक. ‘दिसत नाही का?’ ‘रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?’ पुढचे शब्द छापण्यासारखे नाहीत, आणि वाचकांना ते पाठ आहेत. सिग्नल सुटतो, दोघं दिवसभर धुमसत राहतात, आणि जाळी बसवणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही.

आम्ही म्हणतो, भांडणारी माणसं बदलत राहतात, जाळी तीच राहते. आधी हे ओळखा.

मग दोन्ही रागांचं मूळ ओळखा. सायकलस्वाराचा राग ही बहुधा भीती असते. टनभराचं लोखंड अंगाला घासून गेलं की छाती धडधडते, हात कापतात, आणि कापणारा हात लपवायला माणूस मूठ वळतो. गाडीवाल्याचा राग उशिराचा असतो. घरातून निघायला झालेला उशीर, वाटेतली खोदाई, कामावर पोचल्यावर ऐकावं लागणारं बोलणं, हे सगळं तो समोरच्या एका सायकलवर काढतो. हिशेब मात्र करून पाहा. ताशी 15 किलोमीटरनं चाललेल्या सायकलमागून 100 मीटर जायला 24 सेकंद लागतात. ताशी 40 नं गेलात तर 9. वाचले 15 सेकंद. पुढच्या चौकात तुम्ही याच्या कितीतरी पट वेळ लाल दिव्याकडे बघत बसणार आहात.

‘आम्ही रोड टॅक्स भरतो,’ हे वाक्य आम्ही हजारदा ऐकलं आहे. गल्लीबोळ आणि पेठांतले रस्ते महापालिकेच्या तिजोरीतून होतात आणि त्या तिजोरीत पेपर टाकणाऱ्या पोराच्या घरचेही पैसे आहेत. पुढे चला.

आमचं तत्त्व एकच आहे : जो जड, तो आधी थांबेल. बस कारसाठी, कार दुचाकीसाठी, दुचाकी सायकलसाठी, आणि सायकल चालणाऱ्यासाठी. शेवटची कडी विसरू नका. फुटपाथवरून घंटी वाजवत आजोबांना बाजूला करणारा सायकलस्वार आमचा माणूस नव्हे. हे तत्त्व दयेतून आलेलं नाही, ते भौतिकशास्त्रातून आलं आहे. वेग 30 वरून 50 वर गेला की आघाताची ऊर्जा जवळजवळ तिप्पट होते, आणि ती सगळी हलक्याच्या हाडांत जाते. ब्रिटननं जानेवारी 2022 मध्ये आपल्या वाहतूक संहितेत हेच लिहिलं : ज्याच्याकडून अधिक इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी अधिक. सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवा, असंही तिथे सांगितलं आहे. लक्ष्मी रस्त्यावर दीड मीटर कुठून आणायचं, असं कुणी विचारेल. जिथे दीड मीटर नाही तिथे ओलांडायचं नाही. मागे राहायचं. 15 सेकंद.

आणि नेदरलँड्सचं उदाहरण देऊन कुणी म्हणू नये की तिथली माणसंच शांत. 1971 साली त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यांत 400 हून अधिक लहान मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ असं म्हणत त्यांनी चळवळ उभी केली, आणि रस्ते बदलायला लावले. तिथला सलोखा स्वभावातून आलेला नाही, तो मागून, भांडून, बांधून घेतलेला आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘जाऊ दे, सोडून दे,’ हा सल्ला आपल्याकडे नेहमी हलक्यालाच दिला जातो. महागडी सायकल, हेल्मेट, गॉगल असलेल्याला गाडीवाला निदान ‘ओ साहेब’ म्हणतो. पहाटे दूध पोचवणाऱ्याला, रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या वॉचमनला, धुण्याभांड्याला निघालेल्या मावशींना तो थेट अरे-तुरे करतो, कधी खाली उतरून कानाखाली वाजवतो, आणि बघे बघत राहतात. सायकलवरच्या मुलीला जे ऐकावं लागतं त्याला तर रस्त्यावरचा राग म्हणणंही खोटं ठरेल. भांडण शांत करणं म्हणजे मान खाली घालणं, असा अर्थ आम्ही चालू देणार नाही. जो जड, तो आधी थांबेल. आणि जो जड, तो आधी सॉरी म्हणेल.

राग किती महाग पडतो ते 1988 च्या डिसेंबरात पतियाळ्यात दिसलं. रस्त्यात उभ्या केलेल्या गाडीवरून वाद झाला, 65 वर्षांच्या गृहस्थांना मारहाण झाली, ते गेले. आरोपी देशभर गाजलेला क्रिकेटपटू होता, पुढे खासदार झाला, मंत्री झाला. सर्वोच्च न्यायालयानं त्याला एक वर्षाच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली ती मे 2022 मध्ये. काही मिनिटांचं भांडण दोन्ही घरांना 33 वर्षं पुरलं.

तर आम्ही काय करणार आहोत?

कट बसला की आम्ही आधी श्वास सोडू, मग तोंड उघडू. बॉनेटवर हात आपटणार नाही, गाडीची किल्ली काढून घेणार नाही, पाठलाग करून पुढच्या चौकात आडवे होणार नाही. सायकल कडेला घेऊ, गॉगल काढू, म्हणजे समोरच्याला हेल्मेटऐवजी चेहरा दिसेल. आणि खरं तेच सांगू : ‘काका, फार जवळून गेलात हो, घाबरलो मी.’ या वाक्यावर शिवी देणं कठीण असतं, करून बघा. खोचक उत्तर ही या शहराची जुनी कला आहे, आम्हालाही तिचा अभिमान आहे. सिग्नलवर मात्र तिला सुट्टी. समोरचा दार उघडून खाली उतरलाच तर बोलणं संपलं असं समजू, गर्दीच्या दिशेनं सरकू, नंबर लक्षात ठेवू आणि 112 लावू. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पोलिसांकडे जाईल. चारचौघांत हसं करण्यासाठी ते वापरलं जाणार नाही.

गाडीत असू तेव्हा पहिला प्रश्न ‘लागलं का?’ हाच असेल. काच खाली करू, हॉर्नवरचा हात काढू. रस्त्याकडेला गाडी लावून दार उघडताना उजवं दार डाव्या हातानं उघडू, म्हणजे खांदा वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. एवढ्याशा सवयीनं हाडं वाचतात.

आणि बघ्यांतून एक माणूस आम्ही प्रत्येक चौकात तयार करणार आहोत. त्यानं न्यायनिवाडा करायचा नाही. दोघांच्या मधे न घुसता एकाच्याच शेजारी उभं राहायचं आणि हळू आवाजात बोलायचं, ‘दादा, चला, इकडे या जरा.’ दुसऱ्या कुणी दुसऱ्याला बाजूला घ्यायचं. कुणी जखमी असेल तर उचलायचं, घाबरायचं नाही. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं संरक्षण दिलेलं आहे.

सायकलवाल्यांनाही आम्ही सोडणार नाही. राँग साइड नाही, लाल दिवा तोडणं नाही, रात्री दिव्याशिवाय नाही, सिंहगड रस्त्यावर तिघं-तिघं गप्पा मारत रांग धरून नाही, कानात गाणी नाहीत. वळण्याआधी हात दाखवायचा, आणि वाट दिली त्याला तोच हात वर करून दाद द्यायची.

महापालिकेकडे आमचं मागणं छोटं आणि चिवट आहे. जाळ्या आडव्या बसवा. सायकल ट्रॅक मोकळे करा, जोडा, चौकात तोडून सोडून देऊ नका. दीड मीटरचा नियम लिहा आणि लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत विचारा. प्रत्येक प्रभागातल्या धोक्याच्या जाळ्यांची यादी आम्ही फोटोंसह करून देऊ, आणि ती काम होईपर्यंत दर महिन्याला पुन्हा देऊ.

आमचं पहिलं काम अदलाबदलीचं. सायकलस्वार थांबलेल्या बसच्या चालकाच्या आसनावर बसतील आणि आरशातून काय काय दिसत नाही ते पाहतील. गाडीवाले आमच्या सायकली घेऊन सकाळी दहाच्या गर्दीत टिळक रस्त्यानं स्वारगेटपर्यंत जाऊन येतील. पुढेमागे सोबतीला आम्ही असू. सायकली आहेत, हेल्मेटं आहेत, सायकलस्वारांची नावं भराभर येत आहेत. गाडीवाल्यांची यादी अजून तोकडी आहे. तुम्ही गाडी चालवत असाल तर तुमचं नाव आम्हाला आधी हवं आहे.