शाळेच्या फाटकाबाहेरची जबाबदारी

जून महिना उजाडला की मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकात दोन रकमा नव्याने मांडल्या जातात. एक शाळेच्या शुल्काची आणि दुसरी मुलांना शाळेत नेण्या-आणण्याच्या भाड्याची. पहिलीबद्दल पुष्कळ चर्चा होते, पालक एकत्र येतात, प्रसंगी मोर्चेही निघतात. दुसरीबद्दलची चर्चा मात्र ‘महिन्याचे किती घेणार?’ या प्रश्नापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. वाहन किती जुने आहे, चालकाजवळ कोणता परवाना आहे, सात जणांच्या गाडीत किती मुले कोंबली जाणार आहेत, हे प्रश्न सुचतात ते एखाद्या अपघाताची बातमी वाचल्यानंतर. बातमी शिळी झाली की प्रश्नही शिळे होतात.

नियमांचा इतिहासही असाच अपघातांच्या मागोमाग चालत आलेला आहे. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ विद्यार्थ्यांचा अंत झाला. त्यानंतर महिन्याभरातच सर्वोच्च न्यायालयाने राजधानीतील वाहतुकीविषयी आदेश दिले. शाळेच्या बसला ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घालणारा वेगनियंत्रक असावा, चालकाला अवजड वाहन चालविण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, या अटी त्यांतून पुढे आल्या. महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये शाळेच्या बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियमावली केली. वाहनाचा पिवळा रंग, सोबत मदतनीस आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती, अशी तिची रचना आहे. कागदावर पाहता उणीव काढावी असे फारसे काही नाही.

तरीही ११ एप्रिल २०२४ रोजी हरियाणातील महेंद्रगढ जिल्ह्यात शाळेची बस उलटून सहा मुले मृत्युमुखी पडली. ईदच्या सुटीच्या दिवशी शाळा भरवलेली होती, चालकाने मद्यप्राशन केले होते आणि बसच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत २०१८ मध्येच संपलेली होती, असे पुढे आले. मुदत संपलेली बस सहा वर्षे दररोज मुलांना घेऊन रस्त्यावर धावत होती आणि ती शाळेला, पालकांना व परिवहन खात्याला दिसत नव्हती, असे कसे म्हणता येईल? ती सर्वांना दिसत होती. तिच्याकडे पाहणे हे आपले काम आहे, असे मात्र कोणालाच वाटत नव्हते.

दंडाचे अंकगणित

नियम मोडले जातात ते केवळ बेफिकिरीमुळे, हे निदान अपुरे आहे. नियम मोडण्यात फायदा असतो आणि पाळण्यात तोटा, हे त्याचे खरे कारण आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी नेल्यास प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड ठेवला आहे. एका मुलाचे मासिक भाडे हजार रुपये आहे असे हिशेबापुरते धरले, तर पाच जादा मुलांपासून व्हॅनमालकाला महिन्याला पाच हजार मिळतात. महिन्यातून एकदा तो पकडला गेला तरी हजार रुपये भरून चार हजार त्याच्या खिशात राहतात. असा दंड गुन्ह्याला आळा घालत नाही. तो धंद्यातील एक किरकोळ खर्च होऊन बसतो. जादा प्रवाशांची अन्य सोय होईपर्यंत वाहन पुढे नेऊ देऊ नये, असेही कायदा सांगतो. परंतु सकाळी पावणेसातला भर रस्त्यात दप्तरांसह मुले उतरवायची कोठे, या पेचात सापडलेला पोलीसही बहुधा हात आखडता घेतो.

मालकाला खलनायक ठरवूनही प्रश्न सुटत नाही. त्याची मिळकत बहुधा शाळेच्या दहा महिन्यांची. कर्जाचे हप्ते मात्र बारा महिन्यांचे. २०२० मध्ये महामारीने शाळा बंद पडल्या तेव्हा कित्येक गाड्या दारात उभ्या राहिल्या आणि हप्ते थकले. अशा माणसाला पालक जेव्हा ‘पलीकडचा दोनशे रुपये कमी घेतो’ असे ऐकवतात, तेव्हा तो ती तूट आणखी दोन मुले बसवून भरून काढतो. बाजाराचा साधा नियम येथे लागू पडतो. भाडे डोळ्यांना दिसते, सुरक्षितता दिसत नाही. म्हणून स्पर्धा भाड्याची होते आणि सुरक्षिततेचा बळी जातो. शिवाय सौदा करणारा पालक त्या गाडीत बसत नाही, आणि बसणाऱ्या मुलाला सौद्यात मत नसते.

शाळांची भूमिका याहून चमत्कारिक आहे. मुलाच्या गणवेशाच्या छटेपर्यंत आग्रह धरणारी संस्था वाहनाचा विषय निघताच ‘ही पालकांची खाजगी व्यवस्था आहे’ असे सांगून मोकळी होते. जी परिवहन समिती नियमाने असावयाची, तीत पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, परिवहन खात्याचा निरीक्षक व शिक्षण खात्याचा अधिकारी अभिप्रेत आहेत. ती कागदोपत्री असतेही; परंतु तिची बैठक कधी झाली आणि तीत काय ठरले, हे किती पालकांना सांगता येईल? मुख्याध्यापकांवर आणखी एक ओझे, एवढेच तिचे स्वरूप उरले असेल तर दोष एकट्या मुख्याध्यापकांचा नाही. अधिकार न देता जबाबदारी सोपवण्याची शासनाची सवय जुनी आहे.

गाडीबाहेरचा धोका

बसमधील सुरक्षिततेचा विचार करताना बसबाहेरची दहा पावले विसरली जातात. मूल उतरते, गाडीच्या पुढून धावत रस्ता ओलांडते, किंवा चालक गाडी मागे घेत असताना चाकाशी असते. उंच आसनावरून ते चालकाला दिसत नाही. अमेरिकेत १९३९ साली तज्ज्ञांच्या परिषदेने शाळेच्या बसचा पिवळा रंग व अन्य मानके ठरविली. तेथे बस थांबून तांबडे दिवे लागले की इतर वाहनांनीही थांबावयाचे, असा कायदा आहे. आपण पिवळा रंग घेतला, थांबण्याची शिस्त घेतली नाही. म्हणूनच मुलाचा हात धरून त्याला पलीकडे पोचवणारी मदतनीस ताई ही चैन नसून गरज आहे. पैसे वाचवण्यासाठी पहिली काट तिच्याच पगारावर बसते, हे दुर्दैव.

उपाय काय, हा प्रश्न उरतो. पहिला उपाय असा की वाहन कोणाच्याही मालकीचे असो, शाळेत मूल आणणाऱ्या प्रत्येक वाहनाची नोंद शाळेने ठेवावी आणि त्याच्या योग्यता प्रमाणपत्राची, विम्याची व परवान्याची मुदत सूचनाफलकावर लावावी. पालकाला न दिसणारी सुरक्षितता त्यामुळे दिसू लागेल. दुसरा, भाडे समितीने बारा महिन्यांच्या हिशेबाने व क्षमतेइतकीच मुले धरून ठरवावे. ते वाढेल, आणि पालकांनी ते सोसले पाहिजे. मात्र ज्यांना ते सोसवणार नाही त्यांच्यासाठी तिसरा उपाय हवा, आणि तो सार्वजनिक वाहतुकीचा. राज्य परिवहनच्या गाडीतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना याच राज्यात चालते. खेड्यातील मुलीसाठी जे शक्य झाले, ते शहरातील कारकुनाच्या किंवा मोलकरणीच्या मुलासाठी महापालिकेच्या बसला अशक्य का व्हावे? आणि घराजवळची शाळा चांगली असती तर या लांबच्या प्रवासाची गरजच किती उरली असती, हाही विचार शिक्षण खात्याने करावा.

या सर्वांना खर्च आहे, हे खरे. पण तो आजही कोणीतरी भरतच असतो. हिशेब न देता, तक्रार न करता तो भरणारी मुले आहेत. मोठ्यांनी आपल्या वाट्याचा खर्च आपल्या खाती घ्यावा, एवढीच ही मागणी आहे. आणि त्यासाठी पुढच्या अपघाताची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.