इंजिनाची बदली

छोट्या गाडीत मोठं इंजिन घातलं की ती गाडी शर्यतीची होते, असं मानणाऱ्यांचा एक पंथ आहे. पुण्यात पंथांना तोटा नाही. मिसळीबरोबर पाव खावा की ब्रेड, यावरही आपल्याकडे दोन पंथ आहेत. पण ते निरुपद्रवी. हा पंथ रविवारी सकाळी जुन्या बाजारात हिंडतो, सोमवारी नाना पेठेत सुटे भाग धुंडाळतो आणि महिनाअखेरीला पतपेढीचा फॉर्म घेऊन माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाकडे सहीसाठी येतो. म्हणून हे लिहायचा अधिकार मला पोचतो. मी मेकॅनिक नाही, बी.कॉम. आहे, आणि माझं म्हणणं असं की हा प्रश्न मुळात मेकॅनिकचा नाहीच. जमाखर्चाचा आहे.

अकरावीला पुस्तपालनाच्या पहिल्याच तासाला शिकवतात, की प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी होतात. एक नावे, एक जमा. या पंथाची माणसं फक्त एक नोंद करतात. इंजिन वाढलं, घोडे वाढले, आनंदीआनंद! आता ते घोडे थांबवायचे कोणी, वळवायचे कोणी, गार कोणी करायचे, हा हिशेब कच्च्या वहीतसुद्धा नाही. मग तेरीज जुळत नाही. आमच्याकडे तेरीज जुळली नाही तर रात्री आठपर्यंत थांबावं लागतं. यांच्याकडे जुळली नाही तर गाडी थांबत नाही.

पंथाचा एक सभासद माझा सख्खा भाचा आहे. (पुण्यात मामानं फार जपून राहावं, कारण ‘मामा’ हे इथं नातं कमी आणि ‘बनवणे’ या क्रियापदाचं कर्म जास्त.) त्यानं कुठूनशी एक सॅन स्टॉर्म पैदा केली आहे. 1998 साली गोव्यात निघालेली ही दोन माणसांची, टपाची, फायबरग्लासच्या अंगाची देखणी गाडी. पोटात रेनोचं 1149 सीसीचं इंजिन, साठ घोड्यांचं. एवढीशी गाडी, तिला साठ घोडे; माझ्या हिशेबी वरातच झाली. पण भाच्याला तिथं 1800 सीसीचं इंजिन हवं आहे. “मामा, रस्त्यासाठी नाही, ट्रॅकसाठी!” पतपेढीच्या फॉर्मवर मात्र ‘कर्जाचे कारण’ या रकान्यात त्यानं ‘घरदुरुस्ती’ असं लिहिलं होतं.

त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तो म्हणतो, लहान इंजिन पिळून पिळून त्यातून ताकद काढायची म्हणजे खर्च जास्त आणि आयुष्य कमी. त्यापेक्षा मोठं इंजिन कंपनीतून आलं तसं बसवलं, तर ते न धापता काम करतं. खरं आहे. दोन कारकुनांचं काम एकाला सांगितलं की तो आजारी पडतो, हे मी जवळून पाहिलेलं आहे. पण हा झाला इंजिनाचा विचार. गाडीचा विचार कोणी करायचा?

एक साधी बेरीज बघा. बेरीज नव्हे, वर्ग. धावत्या गाडीच्या अंगातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी शंभरवरून थांबायला ब्रेकना जेवढी उष्णता पचवावी लागते, तिच्या जवळजवळ दुप्पट ताशी एकशेचाळीसवरून थांबताना पचवावी लागते. वेग वाढला चाळीस टक्के, बिल आलं दुप्पट! इतकं व्याज तर सावकारही लावत नाही. आणि ट्रॅकवर हे बिल एकदा येत नाही, फेरीत प्रत्येक वळणाआधी येतं. ब्रेक तापतात, तेल उकळतं, पेडल मऊ होत होत पायाखाली जातं. त्या क्षणी गाडीत किती घोडे आहेत यापेक्षा घोडेस्वार कोण आहे, एवढाच प्रश्न उरतो. शिवाय मोठं इंजिन म्हणजे नाकावर वजन. वळणावर नाक बाहेर पळतं आणि सरळ रस्त्यावर कमावलेलं सगळं वळणावर खर्ची पडतं. क्लच, गिअरबॉक्स, ॲक्सल हे सगळे साठ घोड्यांच्या बोलीवर नोकरीला लागलेले. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत जुन्याच संगणकांवर एक नवी जडशीळ प्रणाली चढवली होती. पहिल्या दिवशी गिऱ्हाईकं बारापर्यंत रांगेत उभी होती आणि संगणक ‘थोडं थांबा’ म्हणत होता. त्याला निदान ब्रेक लावावे लागत नव्हते.

बरं, शर्यतीत तरी फायदा आहे का? तिथं गट बहुधा इंजिनाच्या सीसीवर पडतात. म्हणजे हे आपल्या इन्कमटॅक्सच्या स्लॅबसारखंच झालं. लहान गटात जी गाडी चारचौघींत उठून दिसली असती, ती मोठं इंजिन घालून वरच्या गटात जाते आणि तिथं जन्मजात मोठ्या असलेल्या गाड्यांची धूळ खाते.

परदेशात हे प्रयोग झाले नाहीत असं नाही. इंग्लंडातल्या रूट्स कंपनीची सनबीम अल्पाइन ही अशीच लहानखुरी गाडी. 1964 साली तिच्यात फोर्डचं 4.2 लिटरचं आठ सिलिंडरांचं धूड बसवून तिचं नाव टायगर ठेवलं. बसवलं म्हणजे कसं, तर आत जागा नव्हती म्हणून रंग दिलेल्या पत्र्यावर घण घालून ती केली. मागच्या एका स्पार्क प्लगापर्यंत हात पोचेना, म्हणून इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पडद्याला भोक पाडून त्याला रबरी बूच बसवलं. पुढे 1967 साली रूट्स कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली. आता क्रायस्लरनं आपल्या गाडीत फोर्डचं इंजिन विकायचं म्हणजे आमच्या काउंटरवरून समोरच्या बँकेचं चेकबुक देण्यासारखं. क्रायस्लरचं स्वतःचं इंजिन काही त्या जागेत मावेना. त्याच वर्षी टायगर बंद. घण घालून केलेली जागा एकाच पाहुण्याच्या मापाची होती!

उलट मिनी कूपर बघा. 1961 साली जॉन कूपरनं मिनीचं इंजिन 848 वरून किती नेलं? 997 सीसी. दीडशेसुद्धा वाढवले नाहीत. पण त्याच गाडीला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. नावे आणि जमा, दोन्ही नोंदी एकाच दिवशी! त्या घराण्यातल्या कूपर एसनं माँटे कार्लोची रॅली 1964, 1965 आणि 1967 साली जिंकली. असा माणूस आमच्या बँकेत असता तर ऑडिटर रजेवर गेले असते.

भाचा म्हणेल, मामा, ते साहेबाचं कौतुक पुरे. मग आपल्या अलिबागकडे चला. तिथल्या चिंकारा मोटर्सनं 1.8 लिटरचं इसुझू इंजिन घालून रोडस्टर काढली. तिची बांधणी लोटस सेव्हनच्या वळणाची: हलकी चौकट, फायबरग्लासचं अंग, बाकी फापटपसारा नाही. म्हणजे गाडीच इंजिनाभोवती बेतली. गंमत अशी की हिंदुस्तान मोटर्सनं असलंच 1.8 लिटरचं इसुझू इंजिन काँटेसात बसवलं होतं, आणि तिथं त्याची खरीच गरज होती. कारण 1984 साली काँटेसा आली तेव्हा तिच्या त्या ऐसपैस देहात ॲम्बॅसिडरचं 1489 सीसीचं इंजिन होतं. पहिलवानाला पोस्टमनची सायकल! तेव्हा मोठ्या इंजिनाशी माझं वैर नाही. त्याची बदली कुठं होते, एवढंच मी बघतो.

आणि ‘ट्रॅकसाठी’ म्हणजे कुठं, हेही एकदा ठरू दे. ही मंडळी ज्या ट्रॅकची नावं घेतात, त्यांतला एक कोइमतूरला, एक चेन्नईजवळ आणि एक ग्रेटर नोएडाला. पुण्याहून प्रत्येक हजार किलोमीटरच्या पलीकडे. गाडी तिथं ट्रेलरवरून न्यायची, तर ट्रेलरचं भाडं अंदाजपत्रकात नाही. मग गाडी राहते आपल्याच सोसायटीत, आणि शनिवारी रात्री ट्रॅक होतो कात्रजचा घाट. तिथं समोरून साताऱ्याची एस.टी. येते, तिच्यात आपल्यासारखीच माणसं पेंगत असतात आणि त्यांनी कुठल्याही शर्यतीत नाव दिलेलं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे, की निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ बनावटीपासून फारकत होईल असा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. अपघात झाला आणि आर.सी. बुकात एक इंजिन, बॉनेटखाली दुसरं असं निघालं, तर विमा कंपनी किती प्रेमानं बोलेल, याची कल्पना विम्याचा कुठलाही फॉर्म बारीक टाइपासकट वाचलेल्या माणसाला येईल. असा माणूस मी आहे.

सही मी केलेली नाही. भाच्याला म्हटलं, “आधी चांगले ब्रेक घाल, टायर घे, शर्यतीची गाडी चालवायला नीट शीक, आणि ट्रेलरचं भाडं धर. एवढ्याचं कर्ज काढ. कारणाच्या रकान्यात खरं कारण लिही. जामीन मी राहतो.”

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, “पण मामा, बॉनेट उघडून ब्रेक दाखवता येतात का?”