मेहेरबानीचें राज्य

सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणारा रस्ता एके काळीं दरबाराकडे जाणारा रस्ता होता. अक्कलकोटचें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. नजराणे संपले, मुजरे संपले, आणि यापुढें प्रजेचा नागरिक झाला अशी आपण आपली समजूत करून घेतली. त्याच रस्त्यावर पुढें औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९६१ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या महामंडळाची ही वसाहत; येथें यंत्रमाग चालतात, टॉवेल विणले जातात, आणि सोलापूरचें नांव दूरवर जातें. येथील एखाद्या लहान कारखानदाराला किंवा मागावरच्या कामगाराला विचारून पाहावें, कीं बाबा रे, रस्त्यावरचा दिवा लागत नाहीं, गटार तुंबली आहे, दाखला अडला आहे, तर तूं प्रथम कोठें जातोस? कचेरींत, असें उत्तर क्वचितच मिळेल. तो 'साहेबां'च्या बंगल्यावर जातो. तेथें चिठ्ठी मिळते किंवा फोन होतो. मग तीच कचेरी, तोच कारकून, तोच अर्ज, पण काम होतें. दरबार मोडला नाहीं. तो रस्ता उलटा चालून शहरांत आला आहे! आणि हें सोलापुरापुरतेंच आहे असें महाराष्ट्रांतील दुसऱ्या कोणत्याहि शहरानें समजूं नये.

याला आपण वशिला म्हणतों आणि हसून सोडून देतों. आमच्या मतें ही हसण्याची गोष्ट नव्हे. लांच देणाऱ्याला व घेणाऱ्याला निदान एवढें ठाऊक असतें कीं आपण वाईट करीत आहों. वशिल्यांत देणारा स्वतःस दाता समजतो, घेणारा स्वतःस ऋणी समजतो. आणि जें दिलें गेलें तें मुळांत घेणाऱ्याच्याच हक्काचें होतें, हें दोघेहि विसरतात. या ऋणाची फेड मतानें होते, आणि फेडूनहि तें संपत नाहीं.

आतां राज्यकारभारावर याचा परिणाम काय होतो तो पाहूं. काम आपोआप होऊं लागलें तर साहेबांकडे कोण जाणार? ज्याचें सारें वजन किल्ली बाळगण्यांत आहे, त्याला दार सताड उघडें राहिलेलें कसें परवडावें? म्हणून कचेरी सुधारत नाहीं. ती न सुधारण्यांत ज्यांचें हित, त्यांच्याच हातीं ती सुधारण्याचें काम आपण सोंपविलें आहे. कायद्यांची वाण आहे म्हणावें तर तसेंहि नाहीं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें ठराविक मुदतींत सेवा मिळण्याचा हक्क दिला व विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दंड सांगितला. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानें अधिकाऱ्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत दिली, व ती मोडावयाची तर कारणें लेखी नोंदवावीं असें ठरविलें. पहिला कायदा नागरिकाला साहेबांपासून मोकळा करणारा, दुसरा अधिकाऱ्याला. दोन्ही कायदे पुस्तकांत सुखरूप आहेत! परंतु आपली पुढली जागा कोणाच्या शब्दानें ठरणार हें ज्याला ठाऊक आहे, तो अधिकारी नियम वाचण्यापूर्वीं चिठ्ठीवरची सही वाचतो.

अमेरिकेंत निवडून आलेल्या पक्षानें सरकारी जागा आपल्या माणसांना वाटाव्या असा एके काळीं रिवाजच होता. १८८१ सालीं जागा न मिळाल्यानें चिडलेल्या एका इसमानें अध्यक्ष गार्फील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. तेव्हां त्या देशाचे डोळे उघडले, आणि १८८३ सालीं परीक्षा घेऊन नेमणुका करण्याचा कायदा झाला. आपल्याकडेहि परीक्षा आहे. पण परीक्षेनें नेमणूक होते, आणि नेमणुकीनंतरची सारी नोकरी वशिल्याच्या स्वाधीन होते. पुढचें दार बंद करून आपण मागचें उघडें ठेवलें.

याची किंमत कोठें मोजावी लागते? १८ मे २०२५ च्या पहाटे याच वसाहतींतील टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आठ माणसें मेलीं. त्यांत मालकाच्या कुटुंबांतलीं माणसें होतीं, कामगार होते, लहान मूल होतें. त्या आगीचा दोष आम्ही कोणाच्याहि माथीं मारीत नाहीं. तें काम चौकशीचें. आम्हांला दाखवावयाचें तें निराळेंच आहे. आगीनंतर मुंबईहून व दिल्लीहून मदतीच्या रकमा जाहीर झाल्या, व त्या योग्यच होत्या. पण आपल्याकडे अशी मदत नेहमीं कोणाच्या तरी नांवानें येते: अमक्यांनीं दिली, तमक्यांनीं मिळवून दिली. पैसा खजिन्याचा, नांव दात्याचें! आतां दुसरी बाजू पाहा. अग्निप्रतिबंधाचा २००६ चा कायदा सांगतो कीं आग विझविण्याचीं साधनें चालू स्थितींत असल्याचें प्रमाणपत्र दर जानेवारींत व जुलैंत सादर झालें पाहिजे. ही तपासणी सर्वत्र वेळेवर झाली तर त्याबद्दल कोणाचा फलक लागणार? न लागलेल्या आगीचें श्रेय कोणाला घेतां येत नाहीं. न मेलेला मनुष्य आभार मानावयास बंगल्यावर येत नाहीं. उलट तपासणी कडक झाली तर चार जण रागावतात, आणि 'जरा सांभाळून घ्या' असा निरोप मागावयास येतात. मेहेरबानीच्या राज्यांत मदत फार आणि व्यवस्था थोडी असते, ती यामुळेंच.

येथें कोणी म्हणेल, गरिबाला पुढाऱ्यावांचून विचारतो कोण? वशिला ही त्याची काठी आहे. ती काढून घेतां काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. पण त्याचें उत्तर याच रस्त्यावर, थोडें पुढें, कुंभारीस उभें आहे. तेथें नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालीं विडी कामगार स्त्रिया घरांसाठीं वर्षानुवर्षें लढल्या. २००६ सालीं गोदूताई परुळेकरांच्या नांवाच्या वसाहतींत दहा हजारांवर घरें उभीं राहिलेलीं लोकांनीं पाहिलीं. पुढें जानेवारी २०२४ मध्यें रे नगरांत असंघटित कामगारांना पंधरा हजार घरें मिळालीं. पुढारी येथेंहि होता. पण या स्त्रियांनीं एकेकीनें बंगल्यावर जाऊन पदर पसरला नाहीं. हजारोंनीं एकत्र येऊन सर्वांसाठीं एकच मागणी केली. लोकांची मागणी घेऊन जो सरकारच्या दारीं जातो तो प्रतिनिधि. दार अडवून बसून जो एकेकाला आंत सोडतो तो द्वारपाल. आम्हांला प्रतिनिधि हवा आहे, द्वारपाल नको.

दोष एकट्या साहेबांचा नाहीं. सभांतून लोकशाहीचे गोडवे गाणारे आम्ही लेखणीबहाद्दरहि वेळ आली कीं चिठ्ठी आणतों, आणि रांग सोडून पुढें गेल्याची फुशारकी मारतों. आमची मागणी लहानच आहे. लोकप्रतिनिधीनें शिफारस करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण तोंडी निरोपावर कोणत्याहि अधिकाऱ्यानें काम करूं नये. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तोंडी आदेशांविरुद्ध हेंच बजावलें आहे. शिफारस लेखी असावी. ती कोणाची, कोणत्या कामासाठीं, हें कचेरीच्या दारावर दरमहा लावावें. किती अर्ज क्रमानें निघाले आणि किती चिठ्ठीनें, हें लोकांना एकदां दिसूं द्या. मग मेहेरबानीला आपलें तोंड लपवावें लागेल.

ज्या दिवशीं या वसाहतींतला कामगार अर्जाची पोंच खिशांत घालून, कोणाचेहि आभार न मानतां, सरळ आपल्या मागाकडे जाईल, त्या दिवशीं संस्थान खरोखर विलीन झालें असें आम्ही समजूं.