हबशी म्हणजे कोण ?

हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस आम्ही काय वर्णन करून सांगावें ! होड्या उथळ पाण्यांत उभ्या राहतात, बैलगाड्या पाण्यांत शिरून माल किनाऱ्यास आणतात, आणि वाळूवर सौदा तोडतात त्या आमच्या कोळणी. पुरुष दर्यावर, व्यवहार बाईच्या हातीं. अशाच गर्दींत परवां एका काळ्यासांवळ्या पोरीस दुसरी बाई रागानें "हबशीण" म्हणाली, तें आम्हीं आमच्या कानांनीं ऐकिलें. पोर रडली नाहीं. टोपली उचलून पुढें गेली. पण तो शब्द आमच्या मनांतून जाईना.

हबशी म्हणजे हबसाणचा, म्हणजे आफ्रिका खंडांतील अबिसीनिया देशचा माणूस. एवढाच त्या शब्दाचा अर्थ. देशाच्या नांवाची शिवी कशी झाली ? सुवर्णदुर्गासमोर उभें राहून सिद्द्याचें नांव काढलें कीं आमच्या लोकांच्या कपाळास आठी पडते, आणि ती उगीच पडत नाहीं. जंजिऱ्याच्या सिद्द्यानें छत्रपतींशीं वैर केलें, कान्होजी आंग्र्यांशीं केलें, खाली अंजनवेलचा किल्ला कित्येक वर्षें दाबून ठेविला. या पट्टींतल्या रयतेनें त्याची लूट सोसली आहे. परंतु हाच सुवर्णदुर्ग १७५५ सालीं आंग्र्यांच्या हातून गेला, तो सिद्द्यामुळें नव्हे. तो इंग्रज कमोडोर जेम्स याच्या तोफांनीं गेला, आणि इंग्रजांस हात होता पुण्याच्या पेशव्यांचा. त्यावरून 'गोरा' ही शिवी कोणी ठरविली नाहीं. शिवी ठरली ती काळ्याचीच !

वाचकहो, जंजिऱ्याचा नवाब एक आणि त्याच्या रंगाचे हजारों लोक निराळे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबांनीं, पोर्तुगीजांनीं गलबतांत कोंबून जे बायकापुरुष आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणून विकले, त्यांतले बहुतेक कोणाचे नवाब झाले नाहींत. ते कोणाच्या तरी दारीं पाणी भरीत राहिले. ज्याला संधि मिळाली त्यानें काय केलें तें मलिक अंबरवरून दिसतें. हा पुरुष सुमारें १५४८ सालीं अबिसीनियांत जन्मला. लहानपणीं विकला गेला, एका धन्याकडून दुसऱ्याकडे गेला, आणि निजामशाहीचा आधारस्तंभ होऊन १६२६ सालीं वारला. त्यानें बसविलेलें खडकी गांव पुढें औरंगाबाद झालें. त्यानें जमिनीची प्रत पाहून शेतसारा बांधून दिला, म्हणून मलिकंबरी धाऱ्याचें नांव दक्षिणेंतल्या कुणब्यांच्या तोंडीं पिढ्यान्‌पिढ्या राहिलें. बाजारांत विकलेल्या गुलामानें शेतकऱ्याचा सारा माणुसकीनें बांधावा, आणि शेतकऱ्याच्या पोरीनें त्याच्या जातीचें नांव शिवी म्हणून वापरावें, याला काय म्हणावें ? जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' छापली, तेव्हां ती अर्पण केली अमेरिकेंतील काळ्या गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस. जोतीरावांस तें नातें दिसलें होतें.

आतां बायकांविषयीं बोलूं, कारण खरें ओझें त्यांनीं वाहिलें. कारवार जिल्ह्यांत यल्लापूर, हल्याळ, अंकोलें या तालुक्यांच्या रानांत सिद्दी लोक राहतात. गोमंतकांतून व इतर ठिकाणांहून धन्याच्या जाचास कंटाळून पळालेल्या गुलामांचे ते वंशज, असें जाणते सांगतात. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, किरिस्तावही आहेत. घरांत कोंकणी बोलतात. आफ्रिकेची भाषा विसरली, पण दमाम नांवाचा ढोल विसरले नाहींत. रानांतली पडेल ती कामें, दुसऱ्याच्या सुपारीबागांतली मजुरी, सावकाराचें देणें, यांत कित्येक पिढ्या गेल्या. अशा घरांतली बाई जुनीं लुगडीं, फाटके सदरे, पोराचा विटका झगा, सारें जमवून 'कवंदी' शिवते. आपल्या गोधडीची ती बहीणच ! मात्र रीत निराळी. खालीं एक लुगडें अंथरून ती एका कोपऱ्यापासून ठिगळें लावूं लागते, कडेकडेनें फिरत मधोमध येऊन थांबते, आणि सबंध पांघरुणावर धांवदोरा घालते. शेवटीं चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून 'फुलं' बसविते. फुलांवांचून कवंदी नागडी, असें त्या बायका मानतात. मजुरीवरून दमून आलेली बाई दिव्याच्या उजेडांत ज्या फुलावांचून ऊब कांहीं कमी होत नाहीं, तें फूल लाविते. या कवंद्या आतां अमेरिकेंतल्या प्रदर्शनांत मांडल्या गेल्या आहेत. आपल्या घरची गोधडी मात्र पाहुणे आले कीं आपण माळ्यावर लपवितों, हें जातां जातां सांगून ठेवितों.

दुसरी गोष्ट सोरटी सोमनाथाकडची. गीरच्या रानालगत जांबूर नांवाचें सिद्द्यांचें गांव आहे. तेथील हिरबाई लोबी यांचे आईबाप लहानपणींच गेले; आजीनें वाढविलें. शाळा नाहीं. रेडिओवर शेतीच्या गोष्टी ऐकून ही बाई सेंद्रिय खत करावयास शिकली, गांवांतल्या बायकांस शिकविलें, त्यांची बचत करविली, मुलांसाठीं बालवाडी काढली. २०२३ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. त्या बायका एकमेकींस धरून उभ्या राहिल्या म्हणून हें झालें. गुजराथेंतले सिद्दी रतनपूरच्या बावा गोराबरोबर त्याच्या बहिणीस, माई मिश्रेस, भजतात. पीराच्या शेजारीं बहिणीचेंही ठाणें मानणारे हे लोक आहेत !

सरकारदरबारीं या लोकांस न्याय कासवाच्या पावलानें आला. कारवार जिल्ह्यांतल्या सिद्द्यांस अनुसूचित जमातींत घातलें २००३ सालीं. त्यांच्याच रक्ताच्या बेळगांव-धारवाडकडील भावंडांस २०२० पर्यंत ताटकळावें लागलें. त्याच २०२० सालीं शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नेमले गेले. त्यांच्या आधीं त्या जमातीचा एकही माणूस तेथें पोंचला नव्हता. बाई तर अजून यावयाची आहे.

आमच्या घरांत काय चाललें आहे ? मुलगी जन्मली कीं सुईण आधीं रंग सांगते. स्थळ पाहावयास आलेले लोक हुंड्याचा आंकडा पोरीच्या कातडीवरून चढवितात. उन्हांत मासळी विकून, भात लावून, भट्टीपुढें बसून जी कातडी काळी झाली तिच्याच कमाईवर घर चालतें, आणि तिलाच हिणवितात. उंच म्हणविणाऱ्यांनीं आम्हांस रंगावरून व कुळावरून हिणविलें, तें आम्हांस झोंबलें. तेंच माप आम्ही आपल्या सुनांना लावितों. हें आम्हीं शिकलों कोणाकडून, तें सांगावयास नको. पण चालवीत आहों आम्ही.

२०२५ सालीं सुवर्णदुर्ग जगाच्या वारशाच्या यादींत गेला. पावसाळा सरला कीं शाळांच्या सहली येतील आणि आमचेच तांडेल पोरांना किल्ल्याकडे नेतील. तेथें सिद्द्याची लढाई अवश्य सांगावी, कान्होजीचा पराक्रम तर सांगावाच. पण होडींत एखादी काळीसांवळी पोर बसलेली असेल. तिच्यादेखत मलिक अंबरचें आणि जांबूरच्या हिरबाईचेंही नांव घ्यावें, अशी आमची तांडेलांस व मास्तरांस विनंती आहे. आणि लिलावाच्या वाळूवर भांडण झालेंच, तर आमच्या कोळणींच्या पोतडींत दुसऱ्या शिव्या कांहीं थोड्या नाहींत.