आंतरपिकातली तूर मोजणार कोण?

केंद्राने १ ऑक्टोबर २०२५ रोजी कडधान्य आत्मनिर्भरता अभियान मंजूर केले. तरतूद ११,४४० कोटी, २०३०-३१ पर्यंत उत्पादनाचे लक्ष्य ३५० लाख टन, आणि नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची तूर, उडीद, मसूर चार वर्षे नाफेड व एनसीसीएफमार्फत शंभर टक्के खरेदी करण्याची हमी. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभावही ८,००० रुपये झाला. निर्णयाचे स्वागतच आहे. पण नवी तूर खळ्यावर येत असताना वाचकांची जी पत्रे आली, त्यांतली बहुतेक भावाबद्दल नाहीत, खरेदी केंद्रावरच्या मोजणीबद्दल आहेत.

प्रकार असा. हेक्टरभर रानात चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. ई-पीक पाहणीत तुरीखाली क्षेत्र लागते ३३ आर. केंद्रावर जिल्ह्याची हेक्टरी उत्पादकता धरून मर्यादा ठरते. समजा ती नऊ क्विंटल असेल, तर या शेतकऱ्याची तूर घेणार तीन क्विंटल. सोयाबीन निघाल्यावर बीडीएन ७११ किंवा गोदावरी कशी फाकते, मोकळ्या झालेल्या ओळींतली ओल आणि ऊन कशी घेते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्याच रानात सहा क्विंटल झाली, तर उरलेली तीन क्विंटल व्यापाऱ्याच्या दारात. वर ‘जास्तीची तूर कुठून आणली?’ हा प्रश्न. शंभर टक्के खरेदीच्या हमीत पन्नास टक्के माल परत फिरतो आणि नियम मात्र सगळे पाळलेले असतात!

हा केवळ तीन क्विंटलांचा वाद नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने २,००० कॅलरींच्या ताटात २५० ग्रॅम तृणधान्ये आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सांगितली आहेत. आज आपल्या ऊर्जेतला ५० ते ७० टक्के वाटा तृणधान्यांचा आहे. डाळी, मांस, मासे मिळून ६ ते ९ टक्के, हवा १४ टक्के. पृथ्वीला झेपेल असा आहार सुचवणाऱ्या ईट-लॅन्सेट आयोगानेही २०१९ मध्ये कडधान्यवर्गाला ७५ ग्रॅमचे स्थान दिले. म्हणजे शरीराचा हिशेब मांडा किंवा जमीन-पाण्याचा, उत्तर कडधान्याकडेच येते. १४० कोटी लोकांना ८५ ग्रॅमप्रमाणे वर्षाला सुमारे ४३४ लाख टन लागतील. लहान मुले आणि मांसाहारी मंडळी यांचे कमी धरले, तरी तूट मोठी उरते: आजचे उत्पादन, बियाणे आणि चुणी-भुस्सा धरून, २५० लाख टनांच्या आसपास आहे. १९६१ साली माणशी रोज ६९ ग्रॅम डाळ उपलब्ध होती, २००१ मध्ये ३० ग्रॅम. गहू-भाताला खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले, कडधान्य कोरडवाहूच्या नशिबावर सोडले, त्याचे हे फळ.

ही तूट नव्या जमिनीतून भरणार नाही, कारण नवी जमीन नाही. ती सोयाबीन आणि कपाशीच्या ओळींमधूनच भरायची आहे. नेमकी तीच तूर सरकारी कागदावर अपुरी दिसते. म्हणून पहिली मागणी: आंतरपिकातल्या तुरीसाठी वेगळी उत्पादकता धरा. पीक कापणी प्रयोग सलग तुरीप्रमाणे आंतरपिकातही घ्या आणि त्यावर मर्यादा ठरवा. यासाठी नवे अभियान लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

दुसरी मागणी रेशनची. अन्नसुरक्षा कायद्याखाली ८१ कोटी लोकांना महिन्याला माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, त्यात डाळीचा दाणा नाही. चार माणसांचे कुटुंब धरून दरमहा एक किलो डाळ दिली, तर वर्षाला २४ लाख टन लागेल. ७० टक्के उताऱ्याने ती ३४ लाख टन अख्खी तूर होते, म्हणजे जवळजवळ देशाचे वर्षभराचे तुरीचे पीक. तूर आणि हरभरा मिळून ही गरज भागवता येईल. एवढे पक्के गिऱ्हाईक घरात असताना शुल्कमुक्त आयातीने भाव पाडायचे आणि मग उत्पादन वाढवा म्हणायचे, हे धोरण शेतकऱ्याला तुरीपासून दूर नेणारे आहे. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ७,५५० असताना लातूरच्या बाजारात तूर त्याखाली विकली गेली, हे विसरता येणार नाही.

आता सभासदांसाठी. ई-पीक पाहणीत कितीतरी जण नुसते सोयाबीन टाकून मोकळे होतात आणि जानेवारीत तलाठ्याच्या नावाने खडे फोडतात. नोंदच नसेल, तर तुमच्यासाठी भांडायचे कशाच्या जोरावर? आर्द्रता १२ टक्क्यांवर असलेला माल केंद्रावर नेऊन दिवस वाया घालवणारेही आपलेच. उत्पादक कंपन्यांनी आर्द्रतामापक कपाटातून बाहेर काढावेत, गावातच मोजून, वाळवून, चाळून माल पाठवावा.

आणि येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या: आंतरपिकाच्या तुरीची स्वतंत्र मर्यादा आणि रेशनवर डाळ. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक आमदार-खासदारांना, एक आम्हाला पाठवा. सोबत आपल्या रानातला मोजलेला उतारा लिहा: गट, वाण, ओळींचे प्रमाण, क्विंटल. असे हजार आकडे हाती आले, तर ते घेऊन आम्ही मंत्रालयात जाऊ. पुढच्या पेरणीच्या आत हे व्हायला हवे. आजच लिहायला बसा.