इंग्रजीशी ओळख : अब्बा आजारी ‘होते’ की ‘आहेत’?

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. आखातात नोकरी करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला रजा हवी होती. गावी अब्बा ३ महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेले, ऑपरेशनची तारीख ठरलेली. त्याने साहेबांना इंग्रजीत अर्ज लिहिला, ‘माय फादर वॉज सिक फॉर थ्री मन्थ्स.’ साहेबांनी वाचून विचारलं, “मग आता बरे आहेत ना? हातातलं काम उरकून जा.” पुन्हा अर्ज, पुन्हा सही, यात आठवडा गेला. मुलगा घरी पोहोचला तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. अब्बा आता चालते-फिरते आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या दिवशी दवाखान्यात अम्मी एकट्याच बसल्या होत्या.

नंतर तो आम्हाला भेटायला आला. म्हणाला, “सर, माझी चूक काय झाली?” आम्ही वाक्य वाचलं. व्याकरणाची चूक त्यात एकही नाही. फक्त त्याचा अर्थ असा होतो, की अब्बा ३ महिने आजारी होते आणि ते आजारपण आता संपलं.

खरी गंमत पुढे आहे. (गंमत म्हणायचं, पण आम्हाला ऐकून वाईटच वाटलं.) त्याने आधी ‘माय फादर इज सिक सिन्स थ्री मन्थ्स’ असं लिहिलं होतं. मग त्याला आठवलं, की शाळेत अशा वाक्यावर आम्ही लाल रेघ ओढायचो. म्हणून घाबरून ‘इज’चं ‘वॉज’ केलं. ते चुकीचं वाक्य तसंच पाठवलं असतं, तर साहेबांना नेमकं कळलं असतं! १२ काळांचा तक्ता आम्ही त्याच्याकडून घोकून घेतला होता. कुठला काळ कधी वापरायचा, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

तर बरोबर वाक्य असं : ‘माय फादर हॅज बीन सिक फॉर थ्री मन्थ्स.’ तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, हे दोन्ही ‘हॅज बीन’ सांगतं. मराठीत आपण ‘३ महिन्यांपासून आजारी आहेत’ म्हणतो, घरच्या उर्दूत ‘तीन महीने से बीमार हैं’. दोन्हीकडे साध्या वर्तमानकाळावर भागतं, म्हणून आपलं मन सरळ ‘इज’कडे धावतं. वाक्यात ‘पासून’ किंवा ‘से’ आलं आणि गोष्ट अजून चालू असली, की इंग्रजीत ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लागणार, एवढं धरून ठेवा. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स’. फॉर थ्री मन्थ्स, पण सिन्स ईद, सिन्स २०१९.

दुसरी अडचण ‘हॅड’ची. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ याचं आपण ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ करतो. मराठीतलं ‘गेलो होतो’ एकटं उभं राहू शकतं. इंग्रजीतल्या ‘हॅड गॉन’ला बहुधा सोबत लागते, म्हणजे त्याच्यानंतर घडलेली भूतकाळातलीच दुसरी गोष्ट. ‘व्हेन वुई रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ आम्ही पोहोचलो, त्याआधीच गाडी सुटली होती. नुसतं पुण्याला गेल्याचं सांगायचं असेल तर ‘आय वेंट टू पुणे’ पुरे.

तिसरी गोष्ट लहान, पण चूक रोजची. ‘मामू काल आले आहेत’ हे मराठीत अगदी सरळ. काल आले, अजून घरात आहेत, दोन्ही कळतं. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आणि ‘हॅज कम’ एका वाक्यात नांदत नाहीत. ‘मामू केम यस्टरडे’ म्हणा, नाहीतर काल सोडून द्या आणि ‘मामू हॅज कम’ म्हणा. ‘दिस मॉर्निंग’चं मात्र घड्याळ पाहून ठरतं. सकाळ अजून चालू असेल तर ‘हॅव यू सीन हिम दिस मॉर्निंग?’ आणि दुपार झाली असेल तर ‘डिड यू सी हिम दिस मॉर्निंग?’ अमेरिकेतले लोक बोलताना अशा अनेक ठिकाणी सरळ ‘डिड’ वापरतात. मुलांनी सिनेमात ते ऐकून आपल्याला टोकलं तर रागावू नये.

दाराबाहेर पडताना आपण म्हणतो त्या ‘येतो’चं आणि हाक आली की म्हणतो त्या ‘आलोच’चं इंग्रजी कसं करायचं, हे काही भगिनींनी विचारलं आहे. ‘आलोच’ला ‘आय केम’ म्हणू नका, ‘आय ॲम कमिंग’ म्हणा. निघताना ‘येतो’ म्हणायचं तर ‘आय ॲम लीव्हिंग’. परत येण्याचा जो शब्द आपण त्यात ठेवतो, तो इंग्रजीत येत नाही.

आता वही घ्या आणि मुलांबरोबर बसून ही ४ वाक्यं इंग्रजीत करा. आपा सकाळपासून वाट पाहत आहेत. आम्ही गेल्या ईदला कोल्हापूरला गेलो होतो. चाचा परवा आले आहेत. डॉक्टर आले तेव्हा ताप उतरला होता. उत्तरं पुढच्या अंकात.