पहारेकरी कोणाचा चाकर?

लाहोरात 1894 साली स्वदेशीच्या भावनेतून उभी राहिलेली, 1969 मध्ये राष्ट्रीयीकृत झालेली पंजाब नॅशनल बँक! तिच्याच मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतून हजारो कोटींची हमीपत्रे परस्पर गेली, हे 2018 च्या फेब्रुवारीत उघड झाले. संदेश स्विफ्टवरून परदेशी शाखांना जात. बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत मात्र नोंदच नसे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2016 पासून किमान तीनदा सावध केले होते. तरीही अंतर्गत लेखापरीक्षण ढिम्म! संदेशांची यादी आणि खतावणी शेजारी ठेवणे एवढे का अवघड होते? खापर शाखेतील कनिष्ठांवर फुटले. पण ज्याच्या बढती-बदलीची दोरी व्यवस्थापनाच्याच हाती, तो लेखापरीक्षक त्याच व्यवस्थापनाविरुद्ध प्रतिकूल शेरा लिहील कशाला?